आगीला धुराचे विसण

रसवंतीत उसाचे कांडे चरकातून एकदा पिळून निघाले की रसवाला चोथा दुमडतो आणि पुन्हा चरकात घालतो. त्याचे कारण उघड आहे. चोथ्यात थोडा रस उरलेला असतो. पण समजा, कोणी अगदी कोरडा खडखडीत चोथा पुन्हा पुन्हा चरकात सारू लागला, तर तुम्ही त्याला काय म्हणाल?

मोटारीच्या एंजिनात नेमके हेच मुद्दाम केले जाते. पेट्रोल किंवा डिझेल जळून गेले, त्यातून मिळायची ती शक्ती मिळाली, आणि धूर सायलेन्सरकडे निघाला. वाटेत एक लहानशी झडप त्यातला काही भाग अडवते आणि एंजिन जेथून ताजी हवा ओढते त्या नळीत सोडून देते. म्हणजे एंजिनाने टाकलेला धूर पुन्हा एंजिनाच्या पोटात! आजच्या बहुतेक डिझेल मोटारींत आणि काही पेट्रोल मोटारींत ही झडप असते. तिचे पुस्तकी नाव ‘निष्कास-वायू पुनराभिसरण झडप’. हे नाव उच्चारता उच्चारताच धाप लागते. गॅरेजमधले मिस्त्री तिला ‘ईजीआर व्हॉल्व्ह’ म्हणतात. आपणही तसेच म्हणू.

आता तुम्ही विचाराल, जळलेला धूर काही पुन्हा जळत नाही, मग तो आत घालून मिळते काय? याचे उत्तर असे की, तो जळत नाही म्हणूनच त्याचा उपयोग होतो. तो आत आल्यामुळे एंजिनातल्या आगीचा दाह थोडा उतरतो. आणि तो का उतरवायचा हे समजण्यासाठी आपल्याला आधी हवेकडे वळले पाहिजे.

आळशी वायू जागा होतो

हवेत १०० भागांपैकी सुमारे ७८ भाग नायट्रोजन आणि २१ भाग ऑक्सिजन असतो, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. ज्वलनाला लागतो तो ऑक्सिजन. पण एंजिनाला निवडून ऑक्सिजन घेता येत नाही, सगळी हवाच आत घ्यावी लागते. एक किलोग्रॅम पेट्रोल पुरते जाळायचे तर जवळजवळ १४·७ किलोग्रॅम हवा लागते. तीत सुमारे ११ किलोग्रॅम नायट्रोजन असतो. पेट्रोलच्या अकरा पट वजनाचा हा पाहुणा काही काम न करता आत येतो आणि नुसता तापून बाहेर जातो.

निदान तसे व्हावे अशी आपली अपेक्षा असते. नायट्रोजनच्या रेणूत दोन अणू असतात आणि त्यांनी एकमेकांना तिहेरी बंधाने घट्ट धरून ठेवलेले असते. साध्या चुलीच्या जाळात हा बंध सहसा सुटत नाही. मात्र एंजिनाच्या सिलिंडरात ठिणगी पडते तेव्हा आतल्या वायूचे तपमान काही क्षण २,००० अंश सेल्सियसच्याही वर जाते. लोखंड १,५३८ अंशांना वितळते. एवढ्या तपमानाला ऑक्सिजनच्या काही रेणूंची फाटाफूट होऊन सुटे अणू तयार होतात. असा एक सुटा अणू नायट्रोजनच्या रेणूवर आदळला की त्यातला एक नायट्रोजन अणू पळवतो आणि नायट्रिक ऑक्साइड तयार होते. मागे उरलेला एकटा नायट्रोजन अणू जवळच्या ऑक्सिजनच्या रेणूकडे धाव घेतो. त्यातूनही नायट्रिक ऑक्साइडच होते, आणि शिवाय ऑक्सिजनचा एक अणू पुन्हा सुटा होतो. तो पुढच्या शिकारीला मोकळा! ही साखळी रशियन शास्त्रज्ञ याकोव झेल्दोविच यांनी १९४० च्या दशकात उलगडून दाखवली.

हवेतल्या नायट्रोजनला असे जबरदस्तीने ऑक्सिजनशी जोडता येते, ही गोष्ट त्याहून कितीतरी जुनी आहे. इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७८५ साली बंद नळीतल्या हवेत विजेच्या ठिणग्या पाडून हे करून दाखवले होते. आकाशात वीज चमकते तेव्हाही हेच घडते. नॉर्वेमध्ये तर याचा चक्क कारखाना निघाला. क्रिस्तियान बिर्केलांड आणि साम आयडे या दोघांनी १९०३ साली विजेच्या प्रचंड ज्योतीतून हवा फुंकून नायट्रिक ऑक्साइड करण्याची रीत काढली. १९०५ पासून नॉटोडेन येथे त्यापासून शेतीसाठी खत बनू लागले. विजेच्या ज्योतीतून निघालेला वायू झटपट थंड करणे ही त्या कारखान्यातली महत्त्वाची करामत होती. सावकाश थंड होऊ दिला तर तयार झालेले नायट्रिक ऑक्साइड पुन्हा फुटून त्याचे नायट्रोजन आणि ऑक्सिजन होत असत, आणि सगळी मेहनत फुकट जात असे.

ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण एंजिन नकळत हीच करामत करते. मिनिटाला ३,००० फेरे घेणाऱ्या एंजिनात दट्ट्या वरून खाली यायला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. तो खाली येताच वायू पसरतो आणि एकदम थंडावतो. नायट्रिक ऑक्साइडला पुन्हा फुटायला सवडच मिळत नाही. ते जसेच्या तसे ‘गोठून’ सायलेन्सरवाटे बाहेर पडते. नॉर्वेच्या कारखान्यात जे मुद्दाम आणि कष्टाने करावे लागे, ते प्रत्येक मोटार आपोआप आणि नको असताना करते. फरक इतकाच की त्या कारखान्यातून खत मिळे, आणि मोटारीतून काय मिळते ते आता पाहू.

लॉस एंजेलिसचे कोडे

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या लॉस एंजेलिस शहरात १९४३ च्या जुलै महिन्यात एके दिवशी दाट, तपकिरी धुके पसरले. डोळे चुरचुरू लागले, घसे खवखवू लागले. दुसऱ्या महायुद्धाचे ते दिवस. शत्रूने विषारी वायू तर सोडला नाही ना, अशी शंकाही लोकांच्या मनात आली. पण हे धुके पुढेही वरचेवर येऊ लागले. लंडनचे धुके कोळशाच्या धुराचे आणि थंडीतले. हे मात्र लख्ख उन्हात पडे! कारखान्यांवर बंधने घातली तरी ते हटेना.

हे कोडे सोडवणारा माणूस होता एक जीवरसायनशास्त्रज्ञ. आरी हागेन-स्मिट हे मूळचे हॉलंडचे. कॅलिफोर्नियातल्या संस्थेत ते अननसाच्या स्वादाचा अभ्यास करत होते. अननसाच्या वासातले सूक्ष्म घटक वेगळे करण्यासाठी जी साधने त्यांनी वापरली, तीच त्यांनी शहराच्या हवेला लावली. १९५० च्या आसपास त्यांना उत्तर सापडले. मोटारींतून निघालेले नायट्रोजनचे ऑक्साइड आणि पुरते न जळलेल्या पेट्रोलची वाफ यांच्यावर सूर्यप्रकाश पडला की त्यांतून ओझोन आणि डोळ्यांत पाणी आणणारी इतर रसायने तयार होतात. म्हणून ते धुके उन्हाचे! ओझोन वातावरणात फार उंचावर असतो तेव्हा आपले रक्षण करतो, पण नाकाशी आला की फुप्फुसांना इजा करतो. त्या काळी लॉस एंजेलिसच्या हवेत रबराला लवकर तडे जात. हागेन-स्मिट यांनी या तड्यांवरूनच ओझोनचे प्रमाण मोजण्याची युक्ती काढली होती.

मोटारींच्या मालकांना आणि कारखानदारांना ही बातमी आवडली नाही, हे सांगायला नकोच. पण पुरावा पक्का होता. १९६८ साली कॅलिफोर्नियाच्या वायुसंपदा मंडळाचे पहिले अध्यक्ष म्हणून हागेन-स्मिट यांचीच नेमणूक झाली. १९७० साली अमेरिकेत स्वच्छ हवेचा कडक कायदा आला, आणि १९७३ सालच्या मोटारींपासून नायट्रोजनच्या ऑक्साइडांवर साऱ्या देशात मर्यादा लागू झाली. ईजीआर व्हॉल्व्ह घाऊक प्रमाणावर मोटारींत बसू लागला तो त्याच सुमारास.

विसण कसे काम करते

बंबातले पाणी कढत झाले तर आपण त्यात गार पाणी घालतो, म्हणजे विसण घालतो. एंजिनातल्या आगीलाही विसण हवे. ते कशाचे घालावे? जास्तीची ताजी हवा घातली तर तिच्याबरोबर ऑक्सिजनही येतो, आणि नायट्रिक ऑक्साइड व्हायला तोच तर पाहिजे असतो. पाण्याचा फवारा मारता येतो, पण मग मोटारीत पाण्याची वेगळी टाकी आली, ती भरत राहणे आले. आपल्याला हवा असा वायू, जो फुकट मिळेल, एंजिन चालू असताना सतत मिळेल, आणि ज्यात जळण्याजोगे काही नसेल. असा वायू मागच्या नळीतून भकाभका बाहेर पडतच असतो की!

पण धूर तर स्वतःच तापलेला असतो, त्याचे विसण कसे होणार? शंका बरोबर आहे. पेट्रोल एंजिनातून बाहेर पडताना धूर साधारण ४०० ते ८०० अंश तपमानाचा असतो. तो आपल्याला भाजेल, पण २,००० अंशांच्या आगीपुढे तो गारच म्हणायचा. शिवाय झडपेपर्यंतच्या नळीत तो आणखी निवतो.

त्याचे मुख्य काम वाटेकरी होण्याचे. समजा, घरात शंभर जणांच्या पंगतीला पुरेल एवढाच शिरा केला आहे. ऐनवेळी आणखी पंधरा जण येऊन बसले, तर प्रत्येकाच्या पानात कमी पडणार. एंजिनात पेट्रोल जळून ठरावीक उष्णता निर्माण होते आणि ती आतल्या सर्व वायूंत वाटली जाते. तेवढ्याच पेट्रोलबरोबर १५ टक्के धूर जास्तीचा आत घेतला तर वाटेकरी वाढतात, आणि प्रत्येकाच्या वाट्याला उष्णता कमी येते. या वाटेकऱ्यांत कार्बन डाय-ऑक्साइड आणि पाण्याची वाफ यांची भूक जरा मोठी असते. त्यांचे रेणू तीन अणूंचे, त्यामुळे त्यांना थरथरण्याचे आणि हेलकावण्याचे प्रकार अधिक. तेवढीच तपमानवाढ व्हायला दोन अणूंच्या नायट्रोजनपेक्षा त्यांना जास्त उष्णता लागते.

शाळेत किंवा घरी, मोठ्या माणसांना जवळ बसवून, तुम्ही एक साधा प्रयोग करू शकाल. सारख्या आकाराच्या दोन काचेच्या बरण्या घ्या. एक पाण्यात बुडवून, झटकून साध्या हवेने भरू द्या. दुसरी पाण्याने काठोकाठ भरून पाण्याच्या बादलीत पालथी धरा आणि रबरी नळीने तिच्यात तोंडाने हवा फुंका. सगळे पाणी बाहेर गेले की पाण्याखालीच बरणीच्या तोंडावर बशी लावून ती बाहेर काढा. आता दोन सारख्या मेणबत्त्या पेटवून त्यांवर या बरण्या पालथ्या घाला. तुमच्या उच्छ्वासाने भरलेल्या बरणीतली मेणबत्ती आधी विझेल. उच्छ्वासात ऑक्सिजन सुमारे १६ टक्के उरलेला असतो आणि कार्बन डाय-ऑक्साइड ४ टक्क्यांच्या आसपास असतो. उच्छ्वास म्हणजे आपल्या शरीराच्या एंजिनाचा धूरच नव्हे काय? पहिली बरणी ओली करायची ती एवढ्यासाठी की दोन्ही बरण्यांत ओलावा सारखा असावा. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते.

एंजिनात मात्र आग विझवायची नाही, फक्त तिचा माथा थोडा उतरवायचा आहे. थोडा म्हणजे किती? झेल्दोविच यांच्या साखळीवरून गणित मांडले तर असे दिसते की, तपमान २,२०० अंशांऐवजी २,००० अंश झाले की नायट्रिक ऑक्साइड तयार होण्याचा वेग दहापटींहून अधिक घटतो. पुन्हा एकदा वाचा. तपमान उतरले जेमतेम दहा टक्क्यांच्या आसपास, आणि वेग उतरला दशांशाखाली! तो तिहेरी बंध तोडायला लागणारी उष्णता फार थोड्या रेणूंजवळ असते, आणि तपमान जरा उतरले की असे दांडगे रेणू झपाट्याने कमी होतात. म्हणूनच इतके थोडे विसण पुरते. पेट्रोल एंजिनात १० ते २० टक्के धूर परत फिरवला तर नायट्रोजनची ऑक्साइडे निम्म्याहून अधिक कमी होऊ शकतात.

झडपेला कोण सांगते?

विसण केव्हा घालायचे आणि केव्हा नाही, हा खरा नाजूक प्रश्न. मोटार जागच्या जागी उभी असून एंजिन हळू चालू आहे, तेव्हा आधीच आग मंद असते. त्यात धूर मिसळला तर एंजिन धडधडून बंद पडेल. सकाळी गार एंजिन सुरू केले तेव्हाही तेच. घाटात पूर्ण शक्ती हवी असते तेव्हा सिलिंडरातली जागा धुराने अडवून चालणार नाही. म्हणजे झडप उघडायची ती मधल्या स्थितीत, मोटार रस्त्याने निवांत धावत असताना.

१९७० च्या दशकातल्या मोटारींत संगणक नव्हता. तरी झडपेला हे सगळे समजे, आणि ते ज्या युक्तीने समजे ती मला आजच्या इलेक्ट्रॉनिक झडपेपेक्षाही देखणी वाटते. झडपेच्या डोक्यावर एक डबी असे, डबीत एक लवचीक पडदा, आणि पडद्यावर स्प्रिंग. स्प्रिंग पडद्याला खाली दाबून झडप बंद ठेवी. डबीतून एक बारीक नळी निघून कार्ब्युरेटरपर्यंत जाई. कार्ब्युरेटरच्या नळीत अ‍ॅक्सिलरेटरबरोबर उघडणारी एक गोल चकती असते हे तुम्हांला माहीत असेल. दट्ट्या हवा ओढतो तेव्हा चकतीच्या खाली, एंजिनाच्या बाजूला, हवेचा दाब कमी होतो. बारीक नळीचे छिद्र चकतीच्या किंचित वर पाडलेले असे.

आता पाहा काय होते. अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला आहे, चकती बंद आहे. ओढ चकतीच्या खाली अडलेली, छिद्र वर. डबीला काहीच कळत नाही, झडप बंद. अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबला, चकती कलली, तिची कड छिद्राला ओलांडून गेली. आता छिद्र ओढीच्या टप्प्यात आले. डबीतली हवा ओढली गेली, बाहेरच्या हवेच्या दाबाने पडदा उचलला, झडप उघडली, धूर आत. अ‍ॅक्सिलरेटर पुरता दाबला तर चकती सताड उघडी. मग ओढच नाहीशी होते, स्प्रिंग पडद्याला खाली दाबते, झडप पुन्हा बंद. तिन्ही वेळचे तीन निर्णय एका छिद्राच्या जागेत बसवलेले! गार एंजिनासाठी वाटेत एक उष्णतेवर चालणारी खिट्टी असे. एंजिनातले पाणी गरम होईपर्यंत ती बारीक नळीच बंद ठेवी.

पुढे हे काम विजेच्या मोटरकडे आणि संगणकाकडे गेले. आता एक संवेदक आत येणारी ताजी हवा मोजतो, दुसरा झडप किती उघडली आहे ते सांगतो, आणि संगणक क्षणोक्षणी ती कमीजास्त करतो.

पेट्रोल मोटारीत या विसणाचा एक लाभही आहे. निवांत धावताना सिलिंडरातली थोडी जागा धुराने भरल्यामुळे चकती जरा अधिक उघडावी लागते. दट्ट्याला अरुंद फटीतून हवा ओढण्याचे कष्ट कमी पडतात आणि पेट्रोल थोडे वाचते. ‘ही झडप अ‍ॅव्हरेज खाते’ असे ठामपणे सांगणारे लोक तुम्हांला भेटतील. नीट चालणाऱ्या झडपेवर हा आरोप बहुधा खोटाच असतो.

डिझेलचे दुखणे

पेट्रोल मोटारींना पुढे दुसरा मदतनीस मिळाला. सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेल्या उत्प्रेरकाच्या पेटीत नायट्रोजनची ऑक्साइडे मोडून पुन्हा नायट्रोजन करता येऊ लागला. पण त्यासाठी धुरात ऑक्सिजन जवळजवळ शिल्लक नसावा लागतो. डिझेल एंजिन नेहमी गरजेपेक्षा जास्त हवा घेते, त्यामुळे त्याच्या धुरात ऑक्सिजन भरपूर उरतो आणि ती पेटी तेथे लंगडी पडते. म्हणून डिझेलमध्ये ईजीआरचे महत्त्व टिकले, किंबहुना वाढले. हलक्या कामाच्या वेळी डिझेल एंजिनाने आत घेतलेल्या वायूतला अर्ध्यापर्यंतचा भाग परत फिरवलेला धूर असू शकतो! येथे धूर हवेच्या जागी येतो, म्हणजे वाटेकरीही आणतो आणि ऑक्सिजनही कमी करतो. तो अधिक परिणामकारक व्हावा म्हणून एंजिनाच्याच पाण्याने थंड करणारी एक जाळीही बसवतात.

मात्र येथे एक पेच आहे. आग थंड केली, ऑक्सिजन कमी केला की नायट्रोजनची ऑक्साइडे घटतात, पण डिझेल पुरते जळत नाही आणि काजळी वाढते. आग कडक केली की काजळी घटते आणि ऑक्साइडे वाढतात. एक पारडे खाली केले की दुसरे वर! डिझेल एंजिने बनवणाऱ्यांची गेली कित्येक वर्षे या दोन पारड्यांमध्ये गेली आहेत. आपल्या देशात डिझेल मोटारीला ‘भारत स्टेज ४’ नियमांप्रमाणे किलोमीटरमागे ०·२५ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडे सोडण्याची मुभा होती. १ एप्रिल २०२० पासून देशभर ‘भारत स्टेज ६’ लागू झाले आणि ही मर्यादा ०·०८ ग्रॅमवर आली. काजळीची मर्यादाही त्याच वेळी कडक झाली. मग काजळी अडवणारी गाळणी आली, आणि मोठ्या गाड्यांत धुरावर युरियाचे द्रावण फवारण्याची सोय आली. ट्रकच्या मागच्या बाजूला डिझेलच्या टाकीजवळ निळ्या झाकणाची लहान टाकी दिसली तर ती बहुधा याच द्रावणाची.

काजळीचा राग झडपेलाही सोसावा लागतो. परत फिरणाऱ्या धुरातली काजळी, एंजिनातल्या तेलाची वाफ आणि ओलावा यांचा डांबरासारखा चिकट थर झडपेवर आणि नळ्यांत साचतो. शहरात थांबत थांबत थोडेसेच अंतर जाणाऱ्या गाडीत तो लवकर साचतो. झडप उघडी असताना अडकली तर गाडी थरथरते, काळा धूर सोडते, पिकअप जाते. चालक लगेच गॅरेज गाठतो. पण ती बंद असताना अडकली तर? गाडी बऱ्याचदा झकास चालते! बाहेर पडणारे नायट्रिक ऑक्साइड रंगहीन असते. हवेत त्याचे हळूहळू तपकिरी नायट्रोजन डाय-ऑक्साइड होते, पण तोवर गाडी केव्हाच पुढे निघून गेलेली असते. नवीन गाडीत फार तर डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागतो.

म्हणूनच काही मंडळी साफसफाईचा खर्च टाळण्यासाठी धुराच्या वाटेवर पत्र्याची चकती ठोकून ती बुजवून टाकतात. असे करणाऱ्याला मी मूर्ख म्हणणार नाही. त्याला बिल दिसते, वायू दिसत नाही, आणि त्या वायूने ज्याला खोकला येतो तो मागच्या चौकात उभा असतो. खरा उपाय साधाच आहे. झडप काढून काजळी धुऊन घ्यावी, आणि गाडीला अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर थोडे लांब पळवावे.

पण ज्यांना हा वायू मोजता येतो त्यांनीच फसवणूक केली तर? सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने जाहीर केले की फोक्सवॅगन कंपनीच्या डिझेल मोटारींतला संगणक, गाडीची चाचणी चालू आहे हे ओळखतो आणि तेवढ्या वेळापुरता शहाण्यासारखा वागतो. अमेरिकेतल्या या गाड्या रस्त्यावर नायट्रोजनची ऑक्साइडे मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत सोडत होत्या. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या असल्याचे कंपनीने मान्य केले. आपल्याकडेही पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने केलेल्या चाचण्यांनंतर, डिसेंबर २०१५ मध्ये, सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या गेल्या. युरोपात विकलेल्या गाड्यांत या लबाडीचे मुख्य हत्यार होते आपली ही झडपच. चाचणीत ती अधिक उघडायची, रस्त्यावर कमी. असाच एक खटला युरोपीय न्यायालयापुढे गेला, तेव्हा बचाव असा मांडला गेला की झडप फार उघडली तर एंजिन काजळीने तुंबते आणि लवकर झिजते. १७ डिसेंबर २०२० च्या निकालात न्यायालयाने तो फेटाळला. एंजिन स्वच्छ राहावे म्हणून हवा घाण करण्याची सवलत कायद्यात नाही, असा त्याचा मथितार्थ.

विजेवर चालणाऱ्या मोटारीत आगच नसते, तेव्हा तेथे या झडपेला काम नाही. पण हायड्रोजन जाळणाऱ्या एंजिनांवरही आज प्रयोग चालू आहेत. हायड्रोजनमध्ये कार्बन नाही, म्हणून कार्बन डाय-ऑक्साइड नाही आणि इंधनाची काजळीही नाही. धुरात मुख्यतः पाण्याची वाफ. अनेकांना वाटते, आता सायलेन्सरच्या तोंडाशी पेला धरावा! पण जरा आठवा. नायट्रोजन इंधनातून येत नव्हता, तो हवेतून येत होता. हायड्रोजनही हवेतच जळतो, आणि त्याची ज्योत पेट्रोलपेक्षाही कडक असते. म्हणून त्या एंजिनांनाही ताप उतरवावा लागतो. कोणी त्यांत गरजेपेक्षा खूप जास्त हवा घेतात, इतकी की आग आपोआप निवते, आणि कोणी सायलेन्सरकडे निघालेली वाफ एका झडपेने अडवून पुन्हा सिलिंडरात पाठवतात.